खाच तीच

केमी गाव, नोव्हेंबर. तीनलाच काळोख.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर वेइक्कानं पेटी उघडून ठेवलेली,
पंख्यात मांजराचे केस.

नव्या बोर्डाला पैसे नाहीत.
गरजही नाही, खाच तीच आहे;
फक्त जुना बसलेला असतानाच
बोर्डाला नव्याची ओळख शिकवून घ्यायची.
पेन ड्राइव्ह. पट्टी सरकते, एकोणनव्वदला अडते.
"आत्ता वीज जायला नको,"
म्हणत रेइयो उभा, हातातली कॉफी निवतेय.

मार्चात त्यानंही तीन आठवडे
कागद गिरणीत एका पोराला
आपलंच यंत्र शिकवलं होतं.
कुठला रोलर थंडीत कुरकुरतो, तेसुद्धा.

पंखा सुटेना. पेस्ट वाळून दगड.
"ओढू नकोस. तापू दे, मग पिळ," बाप म्हणाला.
सुटला.

सोनेरी त्रिकोण कोपऱ्याला कोपरा.
दांडी खाली. वाटाण्याएवढी नवी पेस्ट.
बटण.
पडदा काळा.
पंखा घुमतोय, पडदा काळाच.
मग अक्षरं उमटली, नवं नाव, बिनचूक.

वेइक्का केव्हाच खेळात शिरला.
रेइयोनं जुना चिमटीत धरून दिव्याखाली नेला,
पिना न्याहाळल्या. एकही वाकलेली नाही.
"बिघडलेला नाही हा,"
तो म्हणाला. कुणाला, कळलं नाही.