गारव्हॉक आणि पुत्र, डंडी

पेटी उघडली की आधी वास येतो :
महोगनी, जुनं तेल, आणि मखमलीत मुरलेला
कुणाच्या तरी खिशातला तंबाखू.
मग पितळ.
दीडशे वर्षं हातांनी जिथं जिथं धरलं
तिथं पिवळंधमक, बाकी चहाच्या डागासारखं.
चांदीच्या पट्टीवर अंश, अंशांच्या पोटात कला,
इतक्या बारीक की वाचायला दुसरं भिंग लागावं.
आणि खाली वळणदार अक्षरांत :
गारव्हॉक आणि पुत्र, डंडी.

"पुत्र नव्हताच," मॅग्नस इझ्बिस्टर म्हणतो,
मान वर न करता, डोळ्यात भिंग अडकवून.
"पाटी आधीच रंगवून घेतली. सोनेरी अक्षरं, महागाची.
मग झाली एल्स्पेट.
पाटी बदलायला पैसे पडले असते."

लिलावात घेतलेल्या या थिओडोलाइटमधून
सगळं दिसतं. हीच माझी तक्रार.
टे नदी दिसते, जुन्या पुलाचे पाण्यात उरलेले बुंधे,
पलीकडच्या काठावर वाळत घातलेली चादर.
सगळं दिसतं आणि नेमकं असं काहीच नाही.
मधली फुली गेलीय.
दोन रेघा, एक उभी, एक आडवी,
जिथं छेदतात तिथं जग क्षणभर धरायचं असतं.
नाहीतर ते नुसतं बघत बसणं.

"केस होता का आत?"
"केस म्हणजे दोरखंड. रेशीमही जाडच.
कोळ्याचा धागा होता."

एल्स्पेटच्या कपाटात बरण्या असत,
तोंडाला मलमल बांधलेल्या, प्रत्येकीत एक कोळी.
एकत्र ठेवले की एकमेकांना खातात,
हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.
दुकानाच्या वहीत, पितळ आणि काच यांच्या खाली,
तिच्या हातचं : माश्या, अर्धा पेनी.
गल्लीतली पोरं आणून द्यायची.
घरोघरी बायका झाडू उंचावून जळमटं काढत
तेव्हा ही काडीवरून कोळी हळूच झटकायची,
तो घाबरून खाली सुटायचा,
आणि त्याच्या त्या पडण्याला
ती तारेच्या चिमट्यावर गुंडाळून घ्यायची.

कुठल्या कुठल्या देशांच्या सीमा
तिच्या कपाटातून गेल्या असतील.
वहीत त्याची नोंद नाही.
माश्यांची आहे.

मॅग्नस अंगणातल्या मोरीच्या खिडकीशी जातो.
तिथं झाडायचं नाही, असं सफाईवालीला बजावलेलं आहे;
ती त्याला वेडा समजते, आणि झाडत नाही.
पहिला धागा तुटतो.
दुसरा मी शिंकल्यामुळं.
तिसऱ्याला तो काही बोलत नाही, नुसता बघतो माझ्याकडं.
चौथा टिकतो : पितळी कड्यावर ताणलेला,
दोन्ही टोकांना लाखेचा टिपूस.
पाचवा आडवा.
उजेडाकडं धरला तरच आहे,
नाहीतर नाही.

"ओल्या हवेत ढिला पडेल," तो म्हणतो.
"म्हणजे इथं, नेहमीच."

मी डोळा लावते.
जुन्या दुर्बिणीत जग उलटं :
नदी वर, आभाळ तळाशी,
चर्चचा कळस वटवाघळासारखा लोंबतोय,
सीगल पाठीवर झोपून उडतायत.
स्क्रू फिरवत फिरवत
मी फुली नेते पलीकडच्या काठावर,
त्या चादरीच्या कोपऱ्यावर, चिमट्याच्या लाकडावर.
इतकं लांबचं काही
इतकं माझ्या ताब्यात कधी नव्हतं.

तेवढ्यात एक बाई आली, डोक्यावर चालत,
चादर काढली, घडी घातली, आत गेली.
फुली राहिली रिकाम्या दोरीवर.
दोरी थरथरत होती.
किंवा मी.