एकच रेघ

गिऱ्हाईक विचारतं, गाबोळी आहे का,
आणि मी बांगड्याच्या पोटावर अंगठा दाबून
न कापता सांगते.
वीस वर्षांत दोनदाच चुकले असेन.
तिसरी चूक माझ्याच पोटाची:
तांबी सरकली होती, पत्ता नाही लागला,
उलट्यांना मी पित्त समजले,
आमसुलाचं पाणी पीत राहिले तीन आठवडे.

घरातून निघताना सासूला सांगितलं,
जाळ्याचं सूत बघायला जामसंड्याला जाते.
सुताची पिशवी खरोखरच घेतली.
रिक्षावाला वाडीतलाच, म्हणून एसटी,
एसटीत कंडक्टरीण ओळखीची, म्हणून मागची सीट.
या गावात कोणाला किती सुरमई लागली
हे होडी बंदराला टेकायच्या आधी कळतं.

दवाखान्यामागे कलमांची बाग,
मोहोरावर फवारणी चाललेली,
त्या वासाने पुन्हा मळमळलं.
सिस्टर म्हणाली, "घोव खय आसा?"
"दर्यात."
"मगे तो इलो काय ये. त्येची सही व्हयी."

तो यायला बावीस दिवस.
बर्फ आधी संपला तर अठरा.
बोटांवर मोजलं: आठ आठवडे, आठ आणि तीन.
आल्यावर तो काय म्हणेल तेही पाठ होतं,
दोन मुली झाल्या, आता तरी...
पुढचं वाक्य तो कधीच पुरं करत नाही,
त्याची आई करते.

उठलेच होते मी, पिशवी काखेत मारून.
आतून डॉक्टरीण आली. नागपूरकडची,
माझ्या धाकट्या बहिणीएवढी,
केस नीट बांधायलाही वेळ न मिळालेली.
कपाटातून कागद काढून टेबलावर ठेवला
आणि सिस्टरला नाही, मला म्हणाली,
"वाचता येते ना? मग वाचून घ्या."

सोसायटीच्या डिझेलच्या पावत्या वाचते
तसा वाचला, ओळीखाली बोट फिरवत,
आधी आकडे, मग अक्षरं.
माझं नाव. माझं वय. माझी संमती.
सहीसाठी एक रेघ.
तिच्याखाली पालकाची जागा,
अठराच्या आतल्या पोरीसाठी,
नाहीतर जिचं मन ठिकाणावर नाही तिच्यासाठी.
मी चौतीसची. आणि मन,
त्या दिवसाइतकं ठिकाणावर ते कधीच नव्हतं.
कागद उलटून बघितला. मागे कोरा.
घोवाची रेघ कुठेच नव्हती.

"हे असं कधीपासून?"
"तुमच्या जन्माच्या आधीपासून," ती म्हणाली,
आणि पुढच्या बाईचा केसपेपर उघडला.

चौतीस वर्षं.
आणि त्याआधी माझ्या आईची वर्षं,
जिने पपई खाल्ली, जिने पायऱ्यांवरून उड्या मारल्या,
जिला शेवटी वेंगुर्ल्याच्या कोणा बाईने काडी घातली.
कायदा तेव्हाही होता. कपाटात.

सिस्टरने सवयीने शाईचा डबा पुढे सरकवला.
मी अंगठा पदराला पुसला
आणि पेन मागितलं.

नाव एकाच वहीत गेलं, ती वही कुलुपात.
बाकी सगळीकडे नुसता आकडा.
म्हणून इथेही मी नाव लिहीत नाही.
जन्मभर अमक्याची सून, तमक्याची बायको;
आकडा होऊन बसले
तेव्हा कुठे जरा ऐसपैस वाटलं.

रडले का? रडले.
त्या कागदावर तसं काही विचारलेलं नव्हतं.

पंधरवड्याने सिस्टर बाजारात आली,
माझ्या पाटीसमोर उकिडवी बसली,
भावावरून घासाघीस केली नेहमीसारखी.
गाबोळीचं विचारलं नाही.
मी एक बांगडा वर टाकला,
तिने तो उचलून परत पाटीत ठेवला
आणि सुटे पैसे मोजून दिले.

सूत मात्र खरंच आणलं होतं त्या दिवशी.
सासूने दोन्ही हातांत धरून ओढून बघितलं,
बराच वेळ माझ्याकडे बघितलं,
म्हणाली, "घट आसा."