आठवं नाव

सहा वर्षांत मी एकोणीस जातींच्या अकरा केल्या.
माचिता म्हणतात आमच्याकडे हिला,
कड्याच्या फटीतली निळी घंटा,
दोन बोटं उंच, मूळ मात्र हातभर.
आठ नावं बुडवली.
सात जणांची हाडंही उरली नाहीत,
ते भांडायला येणार नाहीत.
आठवं नाव लामारा गुलेदानींनी ठेवलेलं.
त्या वार्केतिलीत आठव्या मजल्यावर राहतात,
आणि सुकलेलं फूल उकळून मऊ करायला
मला त्यांनीच शिकवलं.

त्यांचा कागद मी पाठ म्हणू शकते.
एकच रोप, डिंकानं पिवळलेलं,
वर्णनाखाली तारीख, जानेवारी त्र्याण्णव.
"पुष्पकोशावर केस, दाट,
शेजारणीच्या दुप्पट लांब."
मी चारशे बारा फुलं भिजवली, एकेक, चहाच्या कपात.
गुळगुळीत. जराशी केसाळ. बरीच केसाळ.
उन्हातल्या खडकावर एक तऱ्हा, सावलीत दुसरी,
आणि मधे रेघ कुठं ओढायची?
रेघच नव्हती.

आदिशीला बिद्झिनानं घोडा नदीत घातला
आणि पाण्याच्या आवाजावरून ओरडून विचारलं,
एवढं काय शोधताय, फुलाला नाव नाही का?
आहेत, म्हटलं. जास्त झालीत.
मेंढ्या सगळीच खातात, तो म्हणाला.
हे मी प्रबंधात घातलं नाही.

नोव्हेंबरात फेजोआची पिशवी घेऊन गेले.
लिफ्टमध्ये टाकायला खिशात नाणं नव्हतं.
नाव ठेवणं सोपं, नावं ठेवणं त्याहून सोपं.
बुडवायचं असलं
की आठ जिने चढावे लागतात.

"केस?" त्यांनी दारातच विचारलं.
"केस."
बराच वेळ त्या चमच्यानं फळ कोरत राहिल्या.
मग म्हणाल्या,
"त्या हिवाळ्यात वीज नव्हती.
खुर्च्या जाळल्या आम्ही. पुठ्ठे नाही, एकही नाही.
मेणबत्ती डाव्या हाताला.
प्रत्येक केसाला सावली होती,
मी सावल्याही मोजल्या असणार."
आणि हसल्या, खोकला येईपर्यंत.

"मग राहतं कुणाचं?"
त्या जर्मनाचं. अठराशे अडतीसचं.
आधीचं ते खरं, नियम आहे.
"तो वर चढलाच नव्हता गं!
तापानं फणफणत खालीच पडला होता.
एका पोरानं रोप आणून दिलं, सुईच्या बदल्यात.
त्याच्याच वहीत आहे.
सुईचा नंबरसुद्धा आहे. पोराचं नाव नाही."

मी म्हटलं, तुमचं नाव जात नाही कुठं,
बरोबरच्या चिन्हापुढे येईल,
लहान अक्षरांत.
कागदावरची तुमची चिठ्ठीही तशीच राहते,
माझी तिच्या शेजारी लागते.
"डिंक पातळ कर," त्या म्हणाल्या.
"तुझ्या चिठ्ठ्यांची टोकं सुटतात."

बूट घालत होते तेव्हा पाठीमागून,
"चारशे बारांत उत्तरेच्या कड्यावरची किती?"
नऊ.
"नऊ," त्या म्हणाल्या,
जिन्यातल्या दिव्याचं बटण माझ्यासाठी दाबून धरत.
"आणि गेलीस कधी? जुलैत केस कोवळे असतात."

मी जुलैतच गेले होते.