फॅट किती लागली

एकतीस वर्षं कुर्ला डेअरीत
मी दुसऱ्यांच्या दुधाची फॅट काढली.
दहा मिली आम्ल, पावणेअकरा मिली दूध,
वर एक मिली अल्कोहोल, बूच घट्ट,
आणि नळी यंत्रात घालून गरगर.
आम्ल सगळं जाळतं, काळंकुट्ट करतं.
फॅट तेवढी जळत नाही.
वर येऊन थांबते, पिवळी, नखाएवढी.
मी चष्मा कपाळावर सरकवून आकडा वाचायचो,
टँकरवाले माझ्या तोंडाकडे बघत राहायचे.

आता सोमवार, बुधवार, शुक्रवार
चेंबूर नाक्याला, घड्याळाच्या दुकानावरच्या मजल्यावर
चार तास माझं रक्त बाहेर फिरायला जातं
आणि धुऊन परत येतं.
नववं वर्ष.
डावा हात कानाशी धरला
की फिस्टुल्यातून
डेअरीच्या शीतगृहाची मोटर ऐकू येते.

दर तीन महिन्यांनी एक नळी तपासायला जाते.
या वेळी जॅसिंता सिस्टरने ती कोपऱ्यातल्या यंत्रात फिरवली,
ट्यूबलाइटकडे धरली,
म्हणाली, "तुळसकर, रात्री काय चापलंत?"
रक्त खाली बसलेलं,
आणि वर जे निवळ असायला हवं
ते पांढुरकं, गढूळ.
मी लांबूनच ओळखलं.
काही नाही हो बाई, बारा तास उपाशी.
दूध तर कधीचं बंद,
फॉस्फरस वाढतो म्हणून चहासुद्धा कोरा.
ओठाला न लागलेलं
रक्तात कुठून उतरलं?

डॉक्टर पिंगे माझ्या नातीच्या वयाच्या.
समजावतात छान, पेनाने हवेत रेघा काढत:
मूत्रपिंडं गेली की रक्तातली चरबी मोडायचं काम मंदावतं,
खाल्ली नाही तरी तुंबते.
ट्रायग्लिसराइड तीनशे दहा.
चांगलं कोलेस्टेरॉल अठ्ठावीस.
"आणि वाईट?"
"बावन्न."
मी खूश. म्हटलं, चला, एका विषयात तरी पास.
त्यांचं पेन हवेतच थांबलं.
"वजन किती उतरलं तुमचं, दिवाळीपासून?"

तीन नंबरच्या खुर्चीत अल्ताफ दळवी असायचे.
एकूण कोलेस्टेरॉल शहाण्णव,
तो रिपोर्ट त्यांनी लॅमिनेट करून घेतला होता.
"बघा, माझ्या पोराला जमत नाही हे!"
पँटला पट्टा पुरेना म्हणून नाडी बांधलेली,
डब्यातली खिचडी निम्मी परत जायची.
आम्ही सगळ्यांनी तो कागद हातात घेऊन पाहिला.
मीही पाहिला, मी,
ज्याचं आयुष्य आकडे वाचण्यात गेलं,
आणि म्हणालो, वा.

त्या खुर्चीत आता एक मुलगी बसते,
बारावीचं रसायनशास्त्र मांडीवर, उजव्या हाताने पानं उलटत.

डेअरीत आमचे हेड साटम सांगायचे:
फॅट वाढली तर नळी पुन्हा लाव.
फॅट अचानक उतरली
तर गवळ्याला शिव्या घालू नकोस,
आधी गोठ्यात जाऊन
जनावर बघून ये.

दळवींच्या गोठ्यात मी गेलोच नाही.
शेजारच्या खुर्चीत होते,
मधे फक्त एक सलाइनचा स्टँड.

घरी शशीने यादी फ्रिजवर लावली आहे:
अंड्याचं पांढरं, दोन. मऊ भात.
तळलेलं नको. तेल बेताचं, पण उपाशी अजिबात नको.
भातावर तिने जेमतेम चमचाभर तूप वाढायला घेतलं
तर मी तिच्या हातातून चमचा घेतला,
सवयीने उजेडाकडे धरला,
चष्मा कपाळावर.
"किती लागली?" ती म्हणाली.
मी वाचत होतो.
"भात निवतोय," ती म्हणाली, "आकडा नंतर सांगा."