बॉनेटवरची जागा

बंगळूर ते सांबरा, शेवटचं विमान,
सत्तर सीट, सत्तर माणसं.
स्टँडबायचे चार दिवस संपवून मी गेटपाशी,
युनिफॉर्म बॅगेत, अंगात पप्पांचा जुना स्वेटर.
काउंटरवरची मुलगी मान हलवते : फुल्ल हाय, मॅडम.

उरते ती एकच जागा,
कॉकपिटच्या दारात घडी घालून ठेवलेली,
पाठ टेकली की कडी टोचते अशी.
ती कॅप्टनकडे मागायची,
आणि मागताना पाऊल उंबऱ्याबाहेर ठेवायचं.

"सर, येऊ?"
हुक्केरींनी वर बघितलं नाही, चेकलिस्ट चालू होती.
हात मागं नेऊन सीटवरची डब्याची पिशवी उचलली
आणि स्वतःच्या पायाशी ठेवली.

हे पिशवी उचलणं मला ठाऊक आहे.
खानापूर डेपोतून पप्पा, भरमू सुळगेकर,
कणकुंबीची वस्तीची गाडी काढायचे तेव्हा
ड्युटी सुटलेला कुणीतरी ड्रायव्हर दाराशी यायचा,
"येऊ काय?"
पप्पा तोंडातलं पान तसंच ठेवून
बॉनेटवरची पिशवी खाली घ्यायचे. झालं.
तो टॉवेलाची चौघडी करून इंजिनाच्या उबेवर बसायचा,
जांबोटीपर्यंत पेंगायचा,
पुढच्या वळणांवर जागा होऊन
डावीकडची म्हैस आधी त्यालाच दिसायची.
तिकीट नाही, पास नाही, कलम नाही.

आता कलम आहे. नवा करार, पान एकतीस :
ही सीट यापुढे ॲपवर बुक होईल,
वर्षातून सहा वेळा, उपलब्धतेनुसार.
पगार अठरा टक्के वर.
विश्रांती बारा तासांवरून दहा.
मतदान आज रात्री बारापर्यंत.

दहा हजार फुटांखाली वायफळ बोलायचं नाही, असा नियम.
दहा हजार ओलांडले तसे हुक्केरी म्हणाले,
"नोड्री, माझी दोन वर्षं राहिली.
गोकाकला घराचा स्लॅब अर्धा पडलाय.
अठरा टक्के म्हणजे वरचा मजला."
उजवीकडचा जेरिन, कोट्टायमचा, इंग्रजीतच बोलला :
कर्ज साठ लाख, मला हो-नाही परवडत नाही, मला हप्ता परवडला पाहिजे.

मी म्हटलं, दहातला एक तास हॉटेलच्या गाडीत जातो,
एक परतीच्या. अंघोळ, जेवण, घरचा फोन.
झोप उरते पाच तास, तीही परक्या उशीवर.
"सर, गेल्या जानेवारीत सांबऱ्यावर धुकं होतं,
तीन हजार नऊशेच्या जागी मी तीन हजार सहाशे वाचलं.
तुम्ही शांतपणे म्हणालात, नऊशे."

ते काही बोलणार होते.
पण खाली उतरतानाही नियम तोच,
आणि आम्ही दहा हजारांच्या आत आलो होतो.
उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीची रात्रपाळी
पत्र्याच्या फटीतून लाल दिसली.
मग फक्त आकडे.

बाहेर पप्पा स्कूटर घेऊन उभे.
"जागा मिळाली?"
"बॉनेटवर."
"टीसी चढला न्हाई न्हवं?" आणि स्वतःच हसले.
त्यांच्या संपात ते अकरा महिने निलंबित होते.
त्याबद्दल विचारलं की त्या वर्षी घेतलेल्या म्हशीचं सांगतात,
किती दूध द्यायची, कुणाला लाथ मारली.

टिळकवाडीचं दुसरं गेट पडलेलं.
पप्पांनी पेट्रोल वाचवायला इंजिन बंद केलं.
अकरा चाळीस. मालगाडी कोळशाची, लांबच लांब.
"पप्पा, वस्तीला पोचल्यावर आधी काय करायचा?"
"झोप. जेवण मागनं. जेवण थंड झालं तरी खाता येतंय."
मी फोन काढला, 'नाही'वर अंगठा दाबला,
तर बाई, पासवर्ड चुकला म्हणे. परत दाबला.

अकरा बावन्नला हुक्केरींचा मेसेज.
एकच शब्द : नऊशे.
खाली-वर सरकवून बघितलं, आणखी काही नव्हतं.
गेट वर गेलं. मागच्या रिक्षानं हॉर्न मारला,
आणि स्कूटर काही तिसऱ्या किकशिवाय चालू झाली नाही.