राजमा

कुटाइसीत त्सियालाच्या भट्टीवर
भाचा टक्केवारी घेऊन आला :
शंभरातल्या एकाहत्तर जणांना काळा पाव हवा.

"विचारलंस कुठे?"
"कॉलेजच्या फाटकाशी, दुपारी."
"माझं गिऱ्हाईक पहाटे सहाला येतं, रे,
आणि दात नसलेलं."

सरासरी माणूस म्हणे दीड पाव नेतो.
उरलेला अर्धा तोडून मागणारा
तीस वर्षांत उंबऱ्याशी आलेला नाही.

तरी कागद तिने फेकला नाही,
पिठाच्या डब्याखाली ठेवला.
मग सात वाट्या मांडल्या, वारागणिक एक :
रिकाम्या हाती परतणाऱ्या प्रत्येकामागे
राजम्याचा दाणा.

महिनाअखेर मंगळवारची वाटी शिगोशीग.
मंगळवारीच तर इस्पितळाची बस सुटते, सातला.

आता मंगळवारी बारा पाव वाढीव.
कधी नऊच खपतात.
उरलेले तीनही ती मोजते.