पाणक्या

दर मंगळवारी साडेचारला, हॅलिफॅक्समध्ये,
लीव्हन देहानेन्स माझ्या टेबलावर उताणा पडतो
आणि मी त्याची कारकीर्द बोटांनी चाचपते.

गळ्याजवळच्या हाडावर तीन गाठी.
एक घेंटजवळची, एक स्पेनमधली,
तिसरी घरच्या जिन्यावरची, "ती धरू नकोस."
उजवा गुडघा पावसाच्या आधी कुरकुरतो.
मांडीत डांबराचा एक निळसर कण रुतून बसलाय.
काढून टाकू का विचारलं, तर म्हणाला, राहू दे,
रस्त्याचा तेवढाच तुकडा माझ्या नावावर आहे.

अकरा वर्षं सायकल.
जिंकलास किती?
एक. गावच्या जत्रेतली.
बक्षीस डुकराची अख्खी तंगडी
आणि महापौरांच्या बायकोचा ओला मुका.

मग करायचास काय?
पाणी न्यायचो.
मोटारीपाशी मागे पडायचं, आठ बाटल्या सदऱ्यात कोंबायच्या,
पाठीला गारठा, पोटाला गारठा,
आणि दीडशे कोपरांमधून पुन्हा पुढे,
ज्याने जिंकायचं ठरलंय त्याच्यापर्यंत.
वारा सुटला की त्याच्यापुढे भिंत व्हायचं.
शेवटचा चढ लागला की बाजूला.

आमच्याकडे याला शब्द आहे, मी म्हटलं. पाणक्या.
त्याने तो तोंडात घोळवून पाहिला.
णपर्यंत त्याची जीभ पोचेना.
माझा बाप तीस वर्षं दुसऱ्याच्या गाण्यामागे
तंबोरा छेडत बसला,
हे मात्र मी सांगितलं नाही.

एकदाच त्याला सोडलं होतं मोकळं.
इथेच, याच डोंगरांत, सप्टेंबरच्या भुरभुरीत,
एकशे चाळीस किलोमीटर एकटा.
शिब्डेनच्या दगडी चढावर
बेकरीच्या पायरीवरून एक म्हातारा ओरडला,
"चल पोरा, मागे कुणी नाही!"
मागे सगळे होते.
रेषा तीनशे मीटरवर असताना
ते त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून गेले,
पाणी दगडाला वळसा घालतं तसे.

सायकल सोडल्यावर त्याच चढाच्या माथ्यावर घर घेतलं त्याने.
का, ते मी विचारलेलं नाही.
बेकरी बंद पडली, म्हणतो. तिथे आता नखं रंगवतात.

आज उठला, मोजे चढवले,
आणि मी पुढच्या पेशंटचा कागद शोधत असताना
कोपऱ्यातली माझी रिकामी बाटली भरून घेऊन आला.
डावीकडून हातात दिली, न बोलता,
झाकण आधीच सैल केलेलं.